खोक्यावर रेलगन, आत कॉइलगन

वरणगाव फॅक्टरीत एकतीस वर्षं काडतुसांच्या पितळी केसांना गेज लावलं. म्हणून नातवाने विज्ञान प्रदर्शनासाठी 'मिलिटरी रेलगन किट' मागवलं तेव्हा खोकं मीच फोडलं. किंमत १,८५० रुपये.

पहिली तक्रार नावाची. ही रेलगन नव्हेच. रेलगन म्हणजे विजेच्या जोरावर गोळा फेकणारी तोफ; तिला दोन रूळ असतात, मधला तुकडा ते जोडतो आणि त्यातून लाखो अँपिअर करंट जातो. अमेरिकी नौदलाने २०१० मध्ये ३३ मेगाज्यूल ऊर्जेची चाचणी घेतली. रूळ झिजण्याचं दुखणं होतंच, २०२१ मध्ये काम थांबलं. आपल्या खोक्यात प्लास्टिकची नळी, तिच्यावर तांब्याची कॉइल, वीज साठवणारे ६३ व्होल्टचे चार कपॅसिटर आणि खिळ्याचा तुकडा. म्हणजे ही कॉइलगन : करंट सोडला की कॉइल चुंबक होऊन खिळा आत ओढते. चारही कपॅसिटर भरले तरी आठ ज्यूल होत नाहीत. आमच्या ५.५६ मिलिमीटरच्या गोळीत दीड हजाराच्या वर असतात.

बटण दाबलं. खिळा अर्ध्यात जाऊन थरथरला आणि तिथेच बसला. तो कॉइलच्या मध्यावर पोचेपर्यंत करंट संपायला हवा, नाहीतर तीच कॉइल त्याला मागे ओढते. शेवटी कॉइल मोटर वाइंडिंगवाल्याकडे नेली. पाणबुडी पंप भरून भरून त्याची बोटं काळी झालेली. नखाने तार टोचून म्हणाला, "काका, वेढे ढिले आहेत, आणि जास्तीचेही आहेत." वरचे दोन थर काढले, घट्ट भरून दिली, साठ रुपये. मग खिळा पाच-पाच मिलिमीटर सरकवत जागा शोधली आणि एकदाचा समोरच्या तेलाच्या डब्यावर टण्ण वाजला!

खरा राग वेगळाच. स्विच बंद करून चहा पिऊन आलो, स्क्रू ड्रायव्हर टर्मिनलला लागला आणि फाटकन ठिणगी; टोकाला खाच पडली. कपॅसिटर रिकामे करायला रेझिस्टरच दिलेला नाही. विक्रेत्याला कळवलं तर म्हणे व्हिडिओ पाठवा. पाठवला. उत्तर : "प्रॉडक्ट वर्किंग आहे."

रावेरचा पुतण्या हसत होता, तोफेचा शेतीला काय उपयोग? त्याला सांगितलं, नॉर्वेच्या बर्कलंड नावाच्या शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये विजेची तोफ लोकांना दाखवायला आणली, शॉर्ट होऊन आगीचा लोळ उठला, लोक घाबरले. पुढे तसल्याच ज्वालेतून त्याने हवेतल्या नायट्रोजनचं खत काढलं. तू केळीला ठिबकमधून सोडतोस तेच, कॅल्शियम नायट्रेट.

तीन स्टार. घ्यायचंच तर २.२ किलोओहम, पाच वॅटचा रेझिस्टर आधी आणा, आणि पोराला एकट्याला देऊ नका.