हळदीच्या अडत दुकानासाठी टॅलीप्राइम: तीन हंगामांनंतरचा अभिप्राय

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे, म्हणजे शेतकऱ्यांचा माल आम्ही लिलावात विकून देतो. त्याचा हिशेब पूर्वी आम्ही वार्षिक वर्गणीच्या एका स्वस्त सॉफ्टवेअरवर ठेवत असू. बिले ते नीटनेटकी काढी. परंतु वर्गणी संपताच शेतकऱ्यांची जुनी खाती उघडेनात आणि मागे लागल्यावर विक्रेत्याने केवळ बिलांच्या पीडीएफ हाती दिल्या. उचलीची, म्हणजे शेतकऱ्यांना आगाऊ दिलेल्या रकमेची, बाकी दिवाणजींना पट्ट्यांचे (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचे) गठ्ठे सोडून पुन्हा जुळवावी लागली, आणि तीही ऐन हंगामात.

म्हणून टॅलीप्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याचे नमुना बिल आम्ही पाहिलेच नाही. दिवाणजींनी चोपडीतली सर्वांत किचकट पट्टी त्याच्यापुढे ठेवली: एका शेतकऱ्याची 47 पोती, वजन 24 क्विंटल 83 किलो, लिलावात तीन खरेदीदारांकडे गेलेला माल, हळकुंडाचा भाव वेगळा, गड्ड्याचा (मूळ कंदाचा) वेगळा, आणि त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडे व लागवडीच्या वेळी दिलेली उचल वजा. पोती आणि किलो ही दोन्ही परिमाणे टॅली एकत्र सांभाळते, खातेवहीही चोख ठेवते. मात्र शेतकऱ्याला द्यायची पट्टी त्यात तयार मिळत नाही. ती टीडीएलमध्ये, म्हणजे टॅलीत बदल करण्याच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, स्वतंत्रपणे बनवून घ्यावी लागली, तिचा खर्च निराळा, आणि नवी आवृत्ती आली की ती नीट चालते ना, हे तपासावे लागते. अडत व्यवसायाच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे आणि खरेदीपूर्वीच ती कोणीतरी सांगायला हवी.

करांच्या बाबतीत मात्र तक्रारीला जागा नाही. वाळलेल्या हळदीवर 5 टक्के जीएसटी आहे, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्यांमधील विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, बंधनकारक आहे. ते आणि मालवाहतुकीचे ई-वे बिल टॅलीच्या त्याच पडद्यावरून निघते. सिल्व्हर परवाना एका संगणकापुरता असतो. काट्याजवळ आमचे दुसरे टेबल असल्यामुळे जवळजवळ तिप्पट किमतीचा, एकाहून अधिक संगणकांसाठीचा गोल्ड परवाना घ्यावा लागला. माहिती आपल्याच संगणकात राहते, वार्षिक नूतनीकरण चुकले तरी खाती उघडतात आणि एक्सेलमध्ये काढता येतात. पूर्वीच्या अनुभवानंतर माझ्या लेखी हा गुण सर्वांत मोलाचा आहे. रोजचा बॅकअप घेण्याची जबाबदारी अर्थातच आपली.

बदल 1 एप्रिलला करावा, असे बहुतेक जण सुचवतात. आरंभीची शिल्लक मांडायला ते सोपे असले, तरी तेव्हा यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात. आम्ही ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली आणि दिवाळीनंतरही काही आठवडे चोपडी व संगणक दोन्ही चालू ठेवले. त्या काळात तोलाईच्या नोंदीतली एक चूक सापडली, ती संगणकाची नसून पट्टीच्या मांडणीतली होती, आणि नवा माल येण्याआधीच ती दुरुस्त झाली.