खाऱ्या वाऱ्यात तीन वर्षं मस्टँग: विकायला काढल्यावर काय कळलं

मागच्या नोव्हेंबरात एक गिऱ्हाईक कोल्हापूरहून पहाटे निघून साडेनऊला आमच्या अंगणात हजर झालं. चहा नको म्हणाले. गाडीभोवती एक फेरी मारली, खिशातून टॉर्च काढला आणि सरळ चिऱ्यांच्या फरशीवर उताणे झाले. पाच मिनिटं नुसते पाय दिसत होते. बाहेर आले तेव्हा चिमटीत करवंटीच्या तुकड्याएवढा काळा पोपडा होता. आतली बाजू तांबडी. तो माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "दादा, छत्तीस देतो. वर एक रुपया नाही."

मी ४४ लाख धरून बसलो होतो. आठ लाखांचा फरक एका पोपड्यानं पाडला, म्हणून हे सगळं लिहायला बसलोय.

गाडीबद्दल जास्त सांगत नाही. २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी, पाच लिटरचं आठ सिलिंडरांचं व्ही-८ इंजिन, ताकद ४०१ पीएस. २०१६ मध्ये भारतात आली तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम ६५ लाख होती. मी ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्यातल्या पहिल्या मालकाकडून ४७ लाखांना घेतली, १९ हजार किलोमीटर झालेली. मी जहाजावर इंजिनिअर आहे. सहा महिने पाण्यावर, चार महिने गुहागरला. घर समुद्रापासून चारशे मीटरवर, मधे फक्त माडाची वाडी.

चालवायला कशी आहे याबद्दल माझी एकही तक्रार नाही. वेळणेश्वरच्या बाजूला सकाळी सहाला रस्ता रिकामा असतो, त्या वेळी खिडक्या खाली करून तिसऱ्या गिअरात चढ चढताना जो आवाज येतो, त्यासाठी मी बोटीवर दिवस मोजलेत. पेट्रोल लिटरला सहा-सात किलोमीटर खाते, ते घेतानाच माहीत होतं. गावातल्या गतिरोधकांवर तिरकी घालावी लागते, त्याचीही सवय झाली. पावसात मागच्या चाकांना ताकद जास्त होते, वेट मोड लावायचा आणि पाय हलका ठेवायचा. बस.

विकायला का काढली, तर पुढचं काँट्रॅक्ट लांबचं आहे आणि आबांना आता ही गाडी काढता-घालता येत नाही. उभी ठेवणं म्हणजे पैसे वितळताना बघणं.

४४ लाख मी हवेत धरले नव्हते. मस्टँग बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम आले त्या वेळीच इथल्या शोरूममधून गेली, आणि ९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डनं भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे नवी येत नाही, असलेल्या तेवढ्याच. परदेशातून तयार येणाऱ्या महाग गाडीवर आयात शुल्कानंच किंमत दुप्पट होते, त्यावर महाराष्ट्रात आयातीत गाडीचा आयुष्यभराचा कर २० टक्के. त्यामुळे नवीन स्पोर्ट्स कारचा आकडा जसा वर जातो, तशी जुन्या चांगल्या गाडीला टेकू मिळतो. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २४५ भारतासाठी फक्त २०० काढल्या होत्या, ती अजून भाव धरून आहे ती याच कारणानं. पण टेकू मिळतो तो चांगल्या गाडीला. माझी चांगली आहे असं मी समजत होतो.

कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाच्या आधी दोन जणांशी बोलणं झालं होतं, तेही सांगतो, कारण कोकणातून अशी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागणार आहे.

पहिला पुण्याचा दलाल. त्यानं फोनवरच ३४ सांगितले. नंबर पुण्याचाच, एमएच-१२ आहे, कारण राज्यातल्या राज्यात मालक बदलला तरी नंबर तोच राहतो. पण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, पत्ता गुहागरचा, जिल्हा रत्नागिरी. त्याचा पहिला प्रश्न, "चिपळूणच्या पुरातली आहे का?" २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि कित्येक गाड्या बुडाल्या, त्यातल्या काही नंतर धुऊन-पुसून विकल्या गेल्या, हे खरं. म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक गाडीकडे आता त्याच नजरेनं बघतात. माझी गाडी त्या दिवशी पुण्यात होती. त्या महिन्यातलं सर्व्हिसचं बिल फाइलमध्ये आहे, ते पाठवलं. हा प्रश्न एका कागदात मिटला. ३४ मात्र तसेच राहिले. दलालाला त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, तोही तो तुमच्याच भावातून काढणार. दोन खासगी माणसांच्या व्यवहारात तो नाही. म्हणून जमेल तर स्वतः विका.

दुसरे साताऱ्याचे गृहस्थ रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन आले. दारावर आकडा आला, मागच्या पत्र्यावर आला, बॉनेटवर आणि पुढच्या मडगार्डवर काहीच येईना. लगेच निष्कर्ष: पुढून ठोकलेली, आत पुट्टी भरली आहे. मी कितीदा सांगितलं की या गाडीचं बॉनेट आणि पुढची मडगार्डं अ‍ॅल्युमिनियमची आहेत आणि चुंबकाच्या तत्त्वावर चालणारं साधं मीटर लोखंडावरच वाचतं. त्यांना पटलं नाही. निघून गेले. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर दोन्ही धातूंवर चालणारं मीटर स्वतःच विकत घ्या आणि घरात ठेवा. मी नंतर घेतलं.

आता पोपडा.

मे २०२३ मध्ये, पाऊस तोंडावर असताना, मी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये गाडीला खालून काळं रबरी कोटिंग करून घेतलं. २८ हजार रुपये. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी परत. "साहेब, दहा वर्षं बघायला नको." मी स्वतः बघितलं नाही, ही माझी चूक. जहाजावर एखाद्या पोऱ्यानं न खरवडता, न धुता, गंजावर रंग मारला असता तर मी त्याला परत करायला लावलं असतं. इथं गाडी सात महिने समुद्राकाठी उभी होती, खालचं मीठ धुतलं नाही, वाळवलं नाही, आणि त्यावर जाड काळा थर मारला. मीठ आत, ओल आत, वरून झाकण. अडीच वर्षं ते आतल्या आत चाललं होतं आणि वरून खालची बाजू काळीभोर, नवीकोरी दिसत होती. मी दर सुट्टीत वाकून बघायचो आणि समाधान मानायचो.

वर्कशॉपला फोन केला. आधी म्हणाले समुद्राजवळ असंच होणार. मग म्हणाले बिल आणा. बिल नेलं, तर त्यावर फक्त "कोटिंग" लिहिलंय, धुण्याचा उल्लेखच नाही. चार खेपा झाल्या, दर खेपेला जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. शेवटी पाच हजारांची सूट देऊ म्हणाले, त्याच वर्कशॉपमध्ये परत कोटिंग केलं तर. मी उठून आलो. २८ हजारांपेक्षा जास्त राग मला त्या काळ्या रंगाचा आहे. काहीच केलं नसतं तर गंज दिसला असता, आणि दिसला असता तर मी दुसऱ्याच सुट्टीत काढला असता.

इथपर्यंत माझं मत असं होतं की दोष कोटिंगचा आणि पावसाचा. डिसेंबरात गाडी रॅम्पवर चढवून स्वतः खाली उतरलो, तेव्हा ते बदललं.

चाकांच्या कमानींच्या कडा, जिथं पाऊस आणि रस्त्याचं पाणी थेट लागतं, त्या जवळजवळ स्वच्छ. सगळ्यात वाईट अवस्था मधल्या भागाची: मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट), सायलेन्सरचे हँगर, पेट्रोल टाकीचे पट्टे. जिथं पाणी कधी पोचतच नाही. विचार केल्यावर लक्षात आलं. साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढतं. म्हणजे आमच्याकडे जानेवारीच्या कोरड्या दुपारीसुद्धा तो थर पुरता वाळत नाही. पाऊस उघड्या भागावरचं मीठ धुऊन नेतो, आडोशाच्या भागावरचं तसंच राहतं, साचत जातं. मी गाडीसाठी पश्चिमेला उघडी शेड बांधली, पावसापासून वाचवली, आणि वर कव्हर घातलं. वरचा रंग त्यानं वाचला. खालची बाजू त्यानंच खाल्ली.

आबा तेव्हा पडवीतून बघत होते. त्यांची हयात मासेमारीत गेली. एवढंच म्हणाले, "होडीचं मशीन बंदरात आलं की आधी गोड्या पाण्यानं धुतात. तुझ्या गाडीला खालून कधी गोडं पाणी लागलं?"

नव्हतं लागलं. वरून दर आठवड्याला धुवायला माणूस होता, खालून एकदाही नाही.

मग एकोणीस दिवस काम केलं. सगळं काळं कोटिंग पत्रीनं आणि वायर ब्रशनं काढलं. हा भाग सोपा नाही, हात भरून येतात आणि ब्रेकच्या पाइपांजवळ फार जपावं लागतं. विहिरीच्या पाण्याच्या पाइपाला टी-आकाराचा फवारा जोडून तीन वेळा खालून धुतलं, प्रत्येक वेळी पूर्ण वाळू दिलं. गंज सगळा वरवरचा निघाला. हातोडीनं ठोकून बघितलं, आवाज सगळीकडे घट्ट, एकही भोक नाही. झिंक प्राइमर, त्यावर रंग, आणि पोकळ भागांत मेणाचा फवारा. मेण पारदर्शक असतं, खाली काय चाललंय ते दिसत राहतं, आणि ओरखडा पडला तरी थोडं सरकून जागा भरतं. दोन हँगर आणि सोळा बोल्ट बदलले. सगळा खर्च ३१ हजार, माझी मजुरी सोडून.

एक जण गंज थांबवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र बॅटरीला जोडून देत होता, १२ हजारांत. घेऊ नका. जहाजाच्या तळाला आम्ही जस्ताचे ठोकळे लावतो, ते स्वतः झिजून लोखंड वाचवतात. पण त्यासाठी तळ सतत पाण्यात बुडालेला लागतो, विजेचा रस्ता त्या पाण्यातून पूर्ण होतो. गाडी हवेत उभी असते, तिथं तो रस्ताच नाही.

ब्रेकच्या डिस्कवर रात्रीतून येणाऱ्या तांबड्या थराला मात्र घाबरू नका. ते बिडाचं लोखंड आहे, चार वेळा ब्रेक मारले की जातं. गिऱ्हाईक येण्याआधी एक फेरी मारून आणा, नाहीतर तेवढ्यावर कोणी पन्नास हजार मागेल.

अजून एक चूक, पैसे वाचवण्याच्या नादातली. विम्याचा हप्ता कमी यावा म्हणून मी गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, ३१ लाखांवर ठेवली होती. ठरलेल्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा, पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक मिळून आकडा ठरवतात. म्हणजे तो आकडा मीच खाली आणला होता. हप्त्यात वर्षाला काही हजार वाचले, आणि कोल्हापूरच्या गृहस्थांनी पॉलिसी उघडून त्याच आकड्यावर बोट ठेवलं: "विमा कंपनीच एकतीस म्हणत्येय की." तो तक्ता विम्यासाठी आहे, बाजारभावासाठी नाही, हे कितीही खरं असलं तरी घासाघिशीत कागद त्यांच्या हातात होता. विकायचा विचार असेल तर आधीच्या नूतनीकरणाला आयडीव्ही नीट धरा. चोरी झाली किंवा गाडी पुरती गेली तरी तेच पैसे हातात येणार आहेत.

जानेवारीत पुन्हा जाहिरात दिली. या वेळी खालच्या बाजूचेच चाळीस फोटो टाकले: कोटिंग काढण्याआधीचे, काढतानाचे, नंतरचे. गंज लपवला नाही. पुढचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा आहे हेही लिहिलं. सांगलीचे एक डॉक्टर आले. त्यांनीही टॉर्च काढला, पण खाली जाण्याआधी मी रॅम्प दाखवला. अर्धा तास बघत होते. बाहेर येऊन पहिला प्रश्न किमतीचा नव्हता, "मेण परत कधी मारायचं?" मी म्हटलं, सांगलीच्या कोरड्या हवेत दोन वर्षांनी एकदा पुरे, पण खालून धुणं सोडू नका. टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडाही त्यांनी वाचला, आठवडा आणि वर्ष. चारही टायर २०२३ चे.

साडेबेचाळीस मागितले, पावणेबेचाळीसला ठरलं. दोन लाख विसार. म्हणजे तीन वर्षं आणि अकरा हजार किलोमीटरला सव्वापाच लाख गेले. त्या पोपड्यासकट दिली असती तर अकरा गेले असते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते गाडी घेऊन कुंभार्ली घाटानं वर गेले. चिपळूणपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून आलो, वेट मोड आणि गतिरोधकांची सवय दाखवायला. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या होत्या, पैसे खात्यात आले होते, तरी दुसरी किल्ली मी माझ्याकडेच ठेवली. आरसी त्यांच्या नावावर झाल्याचा मेसेज सोळा दिवसांनी आला. त्या दुपारी किल्ली आणि खालून धुण्याचा तो टी-फवारा एकाच खोक्यात घालून सांगलीला कुरिअर केला.