गादीवाफा आणि रेनपाईपवर उन्हाळ कांद्याचं रोप: उळं टाकण्यापासून चाळीपर्यंत

आमचा भाग चांदवड तालुक्यातला. जमीन मुरमाड, विहिरीचं पाणी मार्चपर्यंत जेमतेम. उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे रोपासाठीचं बी, वर्षानुवर्षं सपाट वाफ्यात फेकूनच टाकत आलो. गेल्या हंगामात दोन एकरांत लावायचं रोप गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर), ओळीत आणि रेनपाईपच्या, म्हणजे बारीक भोकांतून पाणी उडवणाऱ्या पाईपच्या, पाण्यावर केलं. एक कोपरा मुद्दाम जुन्या पद्धतीचा ठेवला. कांदा निघून साठवणीच्या चाळीत पडलाय, म्हणून आता लिहितोय. नुसती उगवण बघून लिहायला काही अर्थ नव्हता.

बियाणं घरच्या डेंगळ्यांचं (कांद्याच्या फुलांच्या दांड्यांचं), वाण एन-२-४-१. टाकण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासली. प्रमाणित बियाण्याला ७० टक्के उगवण लागते, आमची त्याच्या वर आली. घरचं असो की विकतचं, ही तपासणी कराच. कांद्याचं बी एका पावसाळ्याची दमट हवा खाल्ली तरी मरगळतं, आणि काळं कुळकुळीत दिसणारं बी आतून मेलेलं असू शकतं. किलोला दोन ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळलं, बास.

वाफे अर्धा फूट उंच आणि सव्वातीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. लाकडी फळीला खिळे ठोकून आडव्या रेघा ओढल्या, दोन रेघांत दोन-अडीच इंच. बी अर्धा इंच खोल, वरून चाळलेलं शेणखत, त्यावर बाजरीचं सरमाड (वाळकी ताटं). कोंब दिसू लागले की सरमाड संध्याकाळी काढायचं, भर उन्हात नाही. हे काम चिकट आहे, खोटं बोलणार नाही. फेकून टाकायला एक माणूस आणि एक सकाळ पुरते. इथं घरची सगळी माणसं रेघांवर वाकून होती आणि आईनं दुपारीच सांगितलं, "पुढल्या वर्षी मला धरू नका."

बी वाचलं हे खरं. फेकून एकरी साडेतीन-चार किलो लागायचं, ओळीत अडीच किलोत भागलं. पण माझ्या लेखी खरा फायदा तो नाही. फायदा झाला तो रोप एकसारखं आल्याचा. फेकलेल्या वाफ्यात जिथं मूठ जड पडते तिथं केसासारखं बारीक रोप, आणि विरळ जागी अंगठ्याएवढं जाड. जाड रोप थंडीत सापडलं की डेंगळा काढतं, बारीक रोप लावणीनंतर सावरतच नाही. गादीवरचं रोप पन्नासेक दिवसांत पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक, जवळजवळ सगळं सारखं. लावणीच्या टोळीनं उक्त्याचा दर काही कमी केला नाही, पण निवडत बसावं लागलं नाही म्हणून काम लवकर उरकलं. भुसभुशीत मातीमुळे उपटताना मुळंही तुटली नाहीत. मुकादम मावशी म्हणाल्या, "दादा, असं रोप असलं की हात चालतो." शेतात डेंगळे नावालाच, जोड कांदाही कमी.

मधेच अवकाळीची सर आली तेव्हा जुन्या कोपऱ्यात पाणी तुंबलं आणि मर लागली. गोलगोल चट्टे पडून रोप बुडाशी सडून लोळलं. गादीवर कुठं तरी एखादा चट्टा. तणाचं म्हणाल तर पेरणीनंतर, उगवणीआधी पेंडिमिथॅलिन हे तणनाशक मारलं होतं, तरी लव्हाळा यायचा तो आलाच. त्याच्यावर ते चालत नाही, आणि कोवळा असताना तो कांद्याच्या रोपात सहज लपतो. ओळी असल्यामुळे ओळीबाहेरचं ते खुरप्यानं काढायचं, एवढं सोपं झालं.

आता रेनपाईप. उगवणीपर्यंत तिच्यासारखं काही नाही. पाणी रिमझिम पडतं, बी वाहून जात नाही, मातीवर पापडी धरत नाही. पण वारा सुटला की एका बाजूचा वाफा कोरडा. विहिरीतलं शेवाळ भोकांत अडकतं. फिल्टर नसेल तर घेऊच नका, आणि दर आठवड्याला शेवटचं टोक उघडून पाणी सोडा. मुरमाड जमिनीत गादी लवकर वाळते, त्यामुळे पाणी वरचेवर लागतं, आणि आमच्याकडे लाइट आठवडाभर रात्रीची. रात्री पात भिजली की सकाळच्या धुक्यात ती वाळत नाही आणि शेंडे करप्यानं पिवळे पडायला लागतात. रोप वीतभर झाल्यावर मी पाईप गुंडाळून ठेवली आणि वाफ्यांमधल्या सरीतून पाणी दिलं, तेव्हा कुठं करपा आवरला.

चाळीत कांदा बरा टिकलाय, पण त्याचं श्रेय रोपाला देणार नाही. टिकण्यात काढणीआधी पाणी कधी तोडलं आणि पात किती वाळवली याचाच वाटा मोठा.

गादीवाफ्याला पाचपैकी पाच, रेनपाईपला तीन. या हंगामात वाफ्यावर ठिबकच्या दोन नळ्या टाकणार आहे, रेनपाईप फक्त उगवणीपुरती. पावसाळी लाल कांद्याचं रोप टाकणाऱ्यांनी मात्र पाईपचा विचार नंतर करावा. तिथं पाणी देण्यापेक्षा काढून देण्याचीच अडचण मोठी, तेव्हा वाफा आणखी दोन-तीन इंच उंच घ्या आणि मधल्या सऱ्यांचं तोंड उताराकडे उघडं ठेवा.