‘आयरिश’ मेणबत्ती किट: साचे ठेवा, मेण बदला

ऑनलाइन मिळणाऱ्या या किटमध्ये सोया मेण, सिलिकॉनचे साचे, सुती वाती आणि सुगंधी तेलाची बाटली येते. साचे खरंच चांगले; मेणबत्ती न तुटता निघते. मेण मात्र विदर्भाच्या कामाचं नाही. सोया मेण साधारण ४५ ते ५० अंशांना वितळतं. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे सावलीतच पारा पंचेचाळिशीला टेकतो, टिनाच्या खोलीचं तर विचारूच नका. मेणबत्ती न पेटवताच वाकते.

‘आयरिश’ हे नावही खोक्यापुरतंच. आयर्लंडच्या खेड्यांत गरिबाघरी जळायचा तो लव्हाळ्यासारख्या गवताचा दिवा: साल सोलायची, गाभा मोडू नये म्हणून तिची एक पट्टी राखायची, वाळवून चरबीत बुडवायचा. त्यात सोया कुठून आला?

त्याऐवजी मेळघाटाकडचं मोहोळाचं गाळीव मेण घ्या. ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं. थंड ढेप तोडून पाहा: आत दाणेदार आणि निस्तेज हवी. बुळबुळीत लागली तर पॅराफिनची भेसळ समजा. साच्यात १०० मिली पाणी मावत असेल तर सुमारे ९६ ग्रॅम मेण लागतं. वातीभोवती खळगा पडतो, म्हणून थोडं जास्तीचं ठेवा. मेणाचा गंज, म्हणजे भांडं, थेट आचेवर नको, पाण्याच्या पातेल्यात ठेवा. लोखंडी भांड्यात मेण काळपटतं. सत्तरीच्या आसपास ओता आणि कूलरपासून लांब ठेवा. बाहेरचा थर आधी आवळला की मेणबत्ती तडकते.

खरी अडचण वातीची. किटमधली वात या घट्ट मेणाला बारीक पडते: ज्योत मधोमध खड्डा पाडत खाली जाते आणि वितळलेल्या मेणात बुडून विझते. लाइन गेल्यावर असली मेणबत्ती काय कामाची? कापसाच्या मुलखात वात विकत कशाला घ्यायची? जाड सुताची तीन पदरी वेणी घाला. कपभर गरम पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून ती रात्रभर भिजवा, मग कडक वाळवा. ओल राहिली तर वात तडतडते. काजळी धरली तर वात जाड झाली. एक पदर कमी करा.

तेलाची बाटली उघडूच नका, मोहोळाच्या मेणाला स्वतःचा मधाचा वास असतो. काही आठवड्यांनी वर पांढुरकी साय येते. ती बुरशी नव्हे, सुती फडक्याने पुसली की जाते.