बोटीवरचा टीव्ही: इन्व्हर्टरवर की थेट बॅटरीवर?

मासेमारीची बंदी उठायच्या सुमारास जाळी, रंग, इंजिनाचं तेल या यादीत हल्ली टीव्हीही येतो. चार-पाच दिवस बाहेर राहणाऱ्या ट्रॉलरवर खलाशी टिकवायचे तर संध्याकाळचा सिनेमा लागतोच. डिशचा नाद सोडलेला बरा. नांगरावरची बोटही भरती-ओहोटीबरोबर तोंड फिरवते आणि छत्रीची दिशा चुकते. सिनेमे पेन ड्राइव्हमधूनच बघायचे असतात, तेव्हा प्रश्न उरतो तो विजेचा. २३० व्होल्टचा घरगुती टीव्ही इन्व्हर्टरवर चालवायचा, की १२ व्होल्टचा थेट बॅटरीवर? मी आधी इन्व्हर्टर वापरला, आता थेट बॅटरी वापरतो.

इन्व्हर्टरची सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. कुठल्याही दुकानातला, हवा तेवढा मोठा टीव्ही चालतो. बिघडला तर बाजारातून दुसरा आणून लावला की झालं. मोबाइलचे चार्जरही त्यावरच चालतात. शिवाय पावसाळ्यात बोट शाकारली की तोच टीव्ही घरी नेऊन लावता येतो.

बॅटरी कोण जास्त खातं, यावर जेटीवर बराच वाद चालतो. माझ्या मते त्यात फार दम नाही. २४ इंची टीव्ही २५ वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे थेट लावला तर साधारण २ अँपिअर. मध्ये इन्व्हर्टर आला की त्याचं स्वतःचं खाणं धरून अडीच-तीन. १०० एएचच्या बॅटरीला तीन-चार तासांसाठी हा फरक जाणवत नाही. जाणवतो तो टीव्ही बंद करून इन्व्हर्टर रात्रभर चालूच राहिला तर. आणि बरेच इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टला आल्यावर बंद होतात. तोवर लेड-ॲसिड बॅटरी पार झोपलेली असते. म्हणून काहीही घेतलंत तरी स्टार्टरच्या बॅटरीला हात लावू नका, टीव्हीला वेगळी बॅटरी द्या.

माझा निर्णय झाला तो वायरलेसमुळे. माझा इन्व्हर्टर स्वस्तातला, स्क्वेअर वेव्हचा होता, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर न देता चौकोनी, झटक्यांची लहर देणारा. तो चालू केला की व्हीएचएफ वायरलेसच्या सोळा नंबरवर, म्हणजे हाका मारायच्या आणि संकटाच्या चॅनलवर, खरखर सुरू व्हायची, आणि ती सिनेमा संपेपर्यंत थांबायची नाही. वैतागून तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, स्क्वेल्चचं (क्षीण सिग्नल गप्प करणारं) बटण वर चढवायचा. खरखर जायची, केबिन शांत व्हायची, सगळे खूश. पण स्क्वेल्च चढवला की नुसती खरखर जात नाही, लांबून येणारी क्षीण हाकही जाते. जवळची बोट ठणठणीत ऐकू येते, म्हणून वायरलेस ठीक चाललाय असं वाटत राहतं. २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळाच्या वेळी केरळ-तामिळनाडूच्या बोटी देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. तसं वारं फिरलं, तर लांबच्या बोटीची हाक कानावर पडायला नको का? तांडेलाला बोलून उपयोग नव्हता. दोन तास कानाशी ती खरखर मीही सहन केली नसती.

इन्व्हर्टर लांब हलवून, वायरी फिरवून पाहिल्या. फरक पडला, पण खरखर गेली नाही. चांगल्या प्युअर साइनच्या, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणाऱ्या, इन्व्हर्टरवर हा त्रास खूपच कमी असतो असं ज्यांच्याकडे तो आहे ते सांगतात, आणि ते खोटं बोलत नसावेत. माझ्या बोटीवर मी तो लावून पाहिलेला नाही. पण खाऱ्या हवेच्या केबिनमध्ये २३० व्होल्ट खेळवायचे, तेही ओल्या हातांच्या माणसांत, हे मला तसंही कधी पटलं नव्हतं.

थेट बॅटरीवरच्या टीव्हीचीही कटकट आहेच. निवड कमी, पडदा लहान. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या वर व्होल्ट असतात, टीव्हीची बॅटरी स्टार्टरशी जोडलेली असेल तर इंजिन मारताना ते एकदम खाली येतात आणि सिनेमा बंद पडतो. म्हणून मध्ये कायम बारा व्होल्ट देणारा कन्व्हर्टर बसवावा. वायर बारीक नको: सहा मीटरवर एक चौरस मिलिमीटरची वायर ३ अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त खाते, अडीचची घ्या. आणि बॅटरीजवळ फ्यूज.

बोट २४ व्होल्टची असेल तर दोनपैकी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट काढायचा मोह होतो. तसं केलं की एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन खराब होते. तिथेही कन्व्हर्टरच लागतो.

टीव्ही ३२ इंचीच हवा असेल, किंवा त्याच लाइनवर लॅपटॉप नि मिक्सर चालवायचा असेल, तर इन्व्हर्टरच सोयीचा. मग पैसे थोडे जास्त घालून प्युअर साइनच घ्या. बाकीच्यांनी थेट बॅटरीचं पाहावं असं मला वाटतं. मात्र स्वस्त कन्व्हर्टरही खरखर करतात, म्हणून दुकानदाराशी आधीच परतीचं बोलून ठेवा. बोटीवर इंजिन बंद करून वायरलेस सोळावर लावा, स्क्वेल्च जेमतेम गप्प होईल इतकाच ठेवा आणि मग टीव्ही चालू करा. वायरलेस बोलायला लागला तर वस्तू त्याच दिवशी परत.