सोलापूरहून विमान गाठताना: सीटवरची गाडी, एसटी, रेल्वे की स्पेशल गाडी?

पुण्याहून विमान आहे म्हटलं की सोलापुरात पहिली चौकशी भाड्याची होते. सीटवर, म्हणजे इतर प्रवाशांबरोबर माणशी भाडं देऊन गेलं तर किती, स्पेशल, म्हणजे आपल्यापुरती पूर्ण गाडी केली तर किती? भाडं महत्त्वाचं आहेच, पण निर्णयाची सुरुवात तिथून करू नये असं माझं ठाम मत आहे. आधी विमानाची वेळ बघावी. मग वाटेत उशीर झाला तर तो कुणामुळे होऊ शकतो याचा विचार करावा. या दोन गोष्टी समोर ठेवल्या की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं. आणखी एक म्हणजे, जाताना आणि येताना एकाच साधनाने प्रवास करायचं काही कारण नाही. जाताना घड्याळ आपल्यावर असतं, येताना नसतं.

त्याआधी एक साधी गोष्ट तपासा. सोलापूरला आता स्वतःचा विमानतळ आहे. विमानांच्या वाटेत आडवी येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी 2023 च्या जूनमध्ये पाडली गेली, 29 सप्टेंबर 2024 ला होटगी रोडच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, जून 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. विमानं लहान आहेत, फेऱ्या मोजक्या आहेत आणि वेळापत्रक बदलत असतं. म्हणून पुण्याचं तिकीट काढण्याआधी त्या तारखेला इथून काही आहे का ते बघून घ्या. असलं तर आसरा चौकातून रिक्षाने जाता येईल, पुढचं काहीच वाचायची गरज नाही.

आता लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ. सोलापूर ते पुणे साधारण अडीचशे किलोमीटर. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, कुरकुंभ, यवत असा सरळ चौपदरी रस्ता. स्वतःच्या गाडीने हडपसरपर्यंत चार तास धरावेत, एसटीने साडेचार ते पाच. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. हडपसर ते विमानतळ अंतर थोडं आहे, पण मगरपट्टा, मुंढवा, खराडी, विमाननगर हा पट्टा सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी पाचनंतर अक्षरशः तुंबलेला असतो. लोणी काळभोरपासूनच गाड्या रांगायला लागतात. अडीचशे किलोमीटरमध्ये जेवढी वेळेची अनिश्चितता नाही तेवढी या शेवटच्या टप्प्यात आहे, आणि कुठलंही साधन निवडताना ते हा टप्पा कसा पार करतं हेच बघावं लागतं.

सीटवरच्या गाडीचा मोठा गुण हाच, की ती मध्ये उतरवत नाही. घराजवळून किंवा सात रस्ता, जुना पुणे नाका अशा ठिकाणाहून उचलते आणि टर्मिनलला सोडते. दोन मोठ्या बॅगा घेऊन परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला हडपसरला बस सोडून रिक्षा शोधावी लागत नाही, ही फार मोठी सोय आहे. एकट्या माणसाला परवडणारं भाडं आणि दारापासून दारापर्यंत प्रवास, दोन्ही एकत्र देणारं दुसरं साधन नाही.

पण सीटवरच्या गाडीची वेळ तुमच्या हातात नसते. पहिला प्रवासी जुळे सोलापुरात, दुसरा विजापूर रोडला, तिसरा अक्कलकोट रोडला, चौथ्याची बॅग अजून भरायची आहे. शहरातच पाऊण तास जातो. पुण्यात शिरल्यावर तीच गोष्ट उलट्या क्रमाने होते. गाडीतले सगळेच विमानतळाला जाणारे नसतात. एकाला हडपसरला उतरायचं असतं, एकाला कॅम्पात, आणि तुम्ही शेवटचे असता. म्हणून बुकिंग करताना भाड्याच्या आधी हे विचारा: गाडीत विमानतळाचे प्रवासी किती आहेत? मला कितव्यांदा घेणार आणि कितव्यांदा सोडणार? सीट भरल्या नाहीत तरी गाडी ठरल्या वेळी निघणार का? विमानतळ म्हणजे टर्मिनलचं दार की विमाननगरचा चौक? डिकीत माझ्या दोन बॅगांना जागा आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं सरळ "हो" मिळालं नाही, तर सकाळच्या विमानासाठी त्या गाडीत बसू नये. संध्याकाळचं विमान असेल तर बसायला हरकत नाही, कारण तेव्हा दोन तासांची ढील ठेवता येते.

नंबरप्लेटही बघा. पिवळी असेल तर गाडीला भाडं घ्यायचा परवाना आहे. पांढऱ्या प्लेटच्या खाजगी गाडीने सीटप्रमाणे पैसे घेऊन प्रवासी नेणं कायद्यात बसत नाही, आणि दुर्दैवाने अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा आडवा येतो. शंभर-दोनशे रुपये वाचतात म्हणून घरच्यांना अशा गाडीत बसवू नये.

एसटीबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. सोलापूर-पुणे मार्गावर गाड्या दिवसरात्र सुटतात, एक चुकली तर दुसरी मिळते, आणि हा भरवसा सीटवरच्या गाडीत नाही. ई-शिवाई या विजेवरच्या एसटीत बसलात तर वातानुकूलित, कमी आवाजाचा प्रवास होतो. महिलांना मार्च 2023 पासून एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत अर्धं तिकीट आहे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि 75 च्या पुढच्यांना मोफत. आई-वडील मुलीला सोडायला निघाले असतील तर हा हिशेब मांडून बघा, फरक डोळ्यांत भरतो. आधार कार्ड मात्र जवळ हवं.

एसटीने जाताना स्वारगेटपर्यंत जाऊ नये, हडपसरच्या गाडीतळाला उतरून तिथून कॅब करावी. याला एक अपवाद आहे. सामान थोडं असेल आणि हडपसरला गर्दीची वेळ असेल, तर स्वारगेटला उतरून मेट्रो धरता येते. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, रामवाडीला उतरायचं आणि तिथून रिक्षा. मेट्रो कोंडीत अडकत नाही, हा तिचा फायदा. पण दोन मोठ्या बॅगा आणि एक केबिन बॅग घेऊन हे करायला जाऊ नका.

रेल्वेचा विचार विमानासाठी फार कमी लोक करतात याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. दौंडच्या पुढचं दुहेरीकरण झाल्यापासून क्रॉसिंगसाठी ताटकळणं संपलं आहे. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास निघते आणि नऊच्या आसपास पुण्यात पोचते. तिच्यामागून हुतात्मा साडेदहाच्या सुमारास पोचते. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस नसते, तेवढं बघून घ्या. पुणे स्टेशनला उतरलं की विमानतळ हडपसरपेक्षा जवळ पडतो, कॅब सहज मिळते, आणि मेट्रो स्टेशनही तिथेच आहे, रामवाडीपर्यंत थेट, मध्ये गाडी बदलायची नाही. दुपारी दीडनंतरच्या विमानाला वंदे भारत आणि साडेतीननंतरच्या विमानाला हुतात्मा, याहून निर्धास्त पर्याय मला तरी दिसत नाही.

इथे एक नियम पाळा. विमानासाठी सोलापुरातूनच सुटणारी गाडी घ्या. वंदे भारत, हुतात्मा, इंटरसिटी, सिद्धेश्वर या आपल्या स्टेशनातून निघतात, त्यामुळे निघतानाच उशीर झालेला नसतो. चेन्नई, बंगळुरू, हैदराबादकडून येणाऱ्या गाड्यांची वेळ कागदावर कितीही सोयीची दिसली तरी त्या येताना उशीर घेऊन येऊ शकतात.

मग स्पेशल गाडी कधी करायची? सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान विमान असेल तेव्हा. अकराचं देशांतर्गत विमान धरा. चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे दहाला. नऊला टर्मिनलला असायला हवं, त्यासाठी सातच्या सुमारास हडपसर ओलांडायचं आणि सोलापूर पहाटे तीनला सोडायचं. या वेळेला सहाची रेल्वे उपयोगाची नाही आणि सीटवरची गाडी तीनला निघेल याची खात्री नाही. स्पेशल गाडीच्या हिशेबात एक गोष्ट लपलेली असते: तुम्ही एकीकडेच जाता, पण गाडी परत येते, म्हणून भाडं पाचशे किलोमीटरचं लागतं. किलोमीटरला 13 रुपये धरले तर 6,500, वर दोन्ही बाजूंचा टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता. चौघं असाल तर माणशी ओझं वाटत नाही, एकट्याला मात्र नक्कीच वाटतं. आपल्याकडे परदेशी निघालेल्याला सोडायला घरातले पाच-सहा जण जातातच. मग गाडी मोठी करावी लागते आणि प्रवाशाच्या बॅगा मांडीवर येतात. सोडायला दोघांनीच जावं, बाकीच्यांनी घरीच निरोप द्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

पहाटे पाच-सहाचं विमान असेल तर उलट चित्र असतं. रात्री दहा-अकराला निघालं की रस्ता मोकळा, हडपसर मोकळं, आणि सीटवरची गाडीही चालून जाते. फक्त ड्रायव्हर दिवसभर गाडी चालवून पुन्हा रात्री निघालेला नाही ना, एवढं विचारा. हा प्रश्न विचारायला संकोच वाटायचं कारण नाही. मेट्रो पहाटे सहाच्या आधी नसते, म्हणून ती या वेळेला धरू नका.

मुंबईचं तिकीट असेल तर आता विमानतळाचं नाव नीट वाचा. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम असेल तर अंधेरीकडचा जुना, एनएमआय असेल तर पनवेलजवळचा नवा. सोलापूरकरासाठी नवा जवळचा आहे, कारण मुंबईच्या ट्रॅव्हल्स कळंबोलीवरूनच जातात, तिथे उतरून कॅबने पोचता येतं. जुन्यासाठी रात्रीची सिद्धेश्वर उत्तम: झोपून जायचं, सकाळी दादरला उतरायचं. ट्रॅव्हल्सने जायचं तर बोरिवलीपर्यंत जाणारी घ्या, ती विलेपार्ल्याच्या हायवेवर सोडू शकते. चारशे किलोमीटर सीटवरच्या गाडीत बसून जाणं मी कुणालाही सुचवणार नाही.

हैदराबादचा पर्याय अक्कलकोट, नळदुर्ग भागातल्या लोकांनी जरूर बघावा, विशेषतः आखाती देशांकडे जाताना. अंतर तीनशेच्या थोडं वर, पण पटानचेरूजवळ आउटर रिंग रोड धरला की शहरात न शिरता थेट शमशाबाद. शेवटच्या टप्प्याची अनिश्चितता इथे जवळपास नाही. वाटेत कर्नाटक आणि तेलंगणा अशी दोन राज्यं लागतात, म्हणून गाडीला ऑल इंडिया परमिट आहे का ते आधी विचारा, नाहीतर कर भरण्यात वेळ आणि पैसे जातात.

तारखेकडेही लक्ष असू द्या. आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत या सोलापूर रस्त्यानेच पुढे सरकते आणि वाहतूक वळवली जाते. त्या दोन-तीन दिवसांत रेल्वेच घ्या. गळीत हंगामात इंदापूर-टेंभुर्णी पट्ट्यात उसाचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्री मागे दिवा नसताना चालतात, थंडीत उजनीच्या कडेला धुकं असतं. अशा वेळी पहाटेच्या प्रवासाला अर्धा तास जास्त ठेवा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत पार्क चौक, होम मैदान परिसरातून गाडी काढणं अवघड होतं, तेव्हा पिकअप जुना पुणे नाक्याला मागा.

परतीचा विचार वेगळा. विमान उशिरा आलं तरी कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून परतीला स्पेशल गाडी क्वचितच लागते. सीटवरची गाडी आधी पैसे भरून बुक करू नका. विमान उतरलं, बॅग हातात आली की मग फोन करा. संध्याकाळी सहाची हुतात्मा किंवा सातच्या पुढची वंदे भारत पुणे स्टेशनला मिळत असेल तर तीच बरी. रात्री उशिरा उतरलात तर एरोमॉलमधून (विमानतळाची पार्किंगची इमारत) कॅब करून हडपसर गाडीतळ गाठा, सोलापूरच्या एसटी आणि ट्रॅव्हल्स रात्रभर मिळतात. ट्रॅव्हल्समध्ये बसण्याआधी शहरात येणार की हायवेवरच उतरवणार ते विचारा, नाहीतर पहाटे शहराबाहेर केगावला बॅगा घेऊन रिक्षाची वाट बघावी लागते.

एका बाबतीत मात्र मी पैशांचा विचार बाजूला ठेवायला सांगेन. वयस्कर आई-वडील पहिल्यांदाच मुलाकडे परदेशी निघाले असतील आणि सोबत कुणी नसेल, तर विमान कितीही वाजताचं असो, ओळखीच्या ड्रायव्हरची स्पेशल गाडी करा. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवा. कडक भाकरी, शेंगा चटणी, लोणचं सगळं चेक-इनच्या बॅगेत जाऊ द्या, कारण मिरचीपूड आणि तेलकट लोणचं हातातल्या सामानात सुरक्षा तपासणीला काढून ठेवतात. आणि ड्रायव्हरला सांगा की ते आत जाईपर्यंत दारापाशी थांबायचं, मगच गाडी वळवायची.