आर्क्टिक पी-१२ पंखे : जळगावच्या उन्हाळ्यातील परीक्षण

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. गेम खेळण्याची वेळही नेमकी तीच असते. संगणकाच्या पंख्यांच्या परीक्षणांतील, वातानुकूलित खोलीत मोजलेले आकडे त्यामुळे आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कोणताही पंखा संगणकाच्या कॅबिनेटमधील हवा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून आतल्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करून जो फरक उरतो, त्यावरच पंख्याची पारख करावी, असे माझे मत आहे.

माझ्या कॅबिनेटसोबत आलेले रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे थेट पॉवर सप्लायला जोडलेले असल्याने कायम पूर्ण वेगाने फिरत आणि त्यांचा वेग पडद्यावर दिसतही नसे. ते काढून आर्क्टिक कंपनीचे पी-१२ पीडब्ल्यूएम पीएसटी (पीडब्ल्यूएम म्हणजे मदरबोर्डला वेग कमी-जास्त करता येणारे, पीएसटी म्हणजे एकमेकांना साखळीत जोडता येणारे) बसवले : पुढून हवा आत घेणारे तीन आणि मागून बाहेर टाकणारा एक. हा १२० मिलिमीटरचा, मिनिटाला २०० ते १८०० फेऱ्यांचा, चार पिनांचा पंखा जाळीतून हवा ढकलण्याच्या दृष्टीनेच घडवलेला आहे. प्रत्येक पंख्याच्या वायरीला पुढच्या पंख्यासाठी जोड दिलेला असल्याने पुढचे तिन्ही पंखे मदरबोर्डच्या एकाच हेडरवर, म्हणजे पंखा जोडण्याच्या पिनांच्या एकाच जोडणीवर, चालतात. मात्र अशा साखळीत वेग एकाच पंख्याचा दिसतो. दुसरा अडकला तरी पडद्यावर सारे आलबेल वाटते, तेव्हा अधूनमधून डोळ्यांनी पाहणे आवश्यक आहे.

हवा जास्त आत आणि कमी बाहेर, ही मांडणी मी मुद्दाम केली, कारण त्यामुळे धूळ फटींतून न शिरता जाळीवर अडते. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम सुरू झाला, की त्या जाळीवर कापसाच्या तंतूंचा राखाडी थर बसतो. नखाने कडा उचलली, तर तो पापुद्र्यासारखा अखंड सुटून येतो. हा थर साचू दिला, तर पंखा कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

तापमान पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो आणि वेग ठरवण्यासाठी फॅन कंट्रोल, ही दोन्ही सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी मोफत आहेत. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, कॅबिनेटचे पंखे सहसा प्रोसेसरच्या तापमानाशी बांधलेले असतात. ते तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणात उसळते आणि पंखे उगाच घोंघावू लागतात. गेममध्ये खरी उष्णता तर ग्राफिक्स कार्डातून येते. माझे आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॉटचे आहे आणि रायझन ५ ५६०० प्रोसेसर ६५ वॉटचा. म्हणून फॅन कंट्रोलमध्ये पंखे कार्डाच्या तापमानाशी जोडले आणि दोन-तीन अंशांच्या चढउताराकडे त्यांनी दुर्लक्ष करावे, अशी हिस्टेरेसिसची मर्यादा घातली.

खोली ३६ अंशांवर असताना पूर्वी ८२ पर्यंत जाणारे कार्ड आता ७५ च्या आसपास थांबते, म्हणजे फरक ४६ वरून ३९ वर आला. प्रोसेसरला लाभ किरकोळच झाला. १३०० फेऱ्यांपुढे आवाज जितका वाढतो, तितके तापमान उतरत नाही, म्हणून मी तिथेच थांबतो. कूलर लावून खोली चार अंशांनी उतरली, की कार्डही जवळपास तितकेच उतरते. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये, कारण थेंब उडतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार मागे राहतात.

दिव्यांची हौस असणाऱ्यांसाठी हा पंखा नाही. पुढची बाजू बंद काचेची असेल, तर खरेदीपूर्वी ती काढून अर्धा तास गेम खेळून पाहावा. तेवढ्यानेच तापमान पाच-सहा अंशांनी उतरले, तर पैसे पंख्यांऐवजी जाळीच्या कॅबिनेटवर खर्च करावेत.